डब्ल्यूडीजी-४ : वजन तेवढंच, मग ओढ एवढी जास्त कशी?

रेल्वे इंजिनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, किती हॉर्सपॉवरचं आहे. प्रश्न बरोबरच आहे, पण मालगाडीच्या इंजिनाच्या बाबतीत त्याने अर्धीच गोष्ट कळते. म्हणून आधी हे आकडे बघा. डब्ल्यूडीजी-३ए, म्हणजे पुण्याच्या घोरपडी शेडची (शेड म्हणजे इंजिनांची देखभाल-दुरुस्ती होते ती जागा) जी मालगाडीची डिझेल इंजिनं आपण वर्षानुवर्षं बघत आलो ती, त्याचं वजन १२३ टन आणि जागेवरून निघताना गाडीला लावता येणारा जोर साधारण ३८ टन. त्याच्यानंतरचं डब्ल्यूडीजी-४, वजन १२६ टन, म्हणजे फक्त तीन टन जास्त, आणि जोर ५३ टन! दोघांनाही सहाच एक्सल, रूळ तेच, चाकं पोलादाचीच. मग हा पंधरा टनांचा फरक आला कुठून?

कुणी म्हणेल ते ३,१०० हॉर्सपॉवरचं आणि हे ४,००० चं, म्हणून. नाही, निघतानाच्या जोराचा हॉर्सपॉवरशी जवळपास संबंध नसतो. त्याच काळात आलेलं डब्ल्यूएजी-९ हे विजेवरचं इंजिन ६,००० हॉर्सपॉवरच्या वरचं, पण सुरुवातीच्या डब्ल्यूएजी-९ चा निघतानाचा जोर होता साधारण ४७ टन, म्हणजे या ४,००० वाल्या डिझेलपेक्षा कमी. हॉर्सपॉवर सांगते की ओढलेली गाडी किती वेगाने पळवता येईल. ती मुळात जागची हलेल का, घाटात अडकेल का, हे ठरतं चाकाची रुळावर पकड किती त्याच्यावर. डब्ल्यूडीजी-४ ची सगळी कहाणी माझ्या मते या पकडीची कहाणी आहे, आणि तिथपर्यंत पोचायला भारतीय रेल्वेला जवळपास चाळीस वर्षं लागली.

आधी नाव. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स, आणि ४ म्हणजे ४,००० हॉर्सपॉवर. ही आकड्याची पद्धत नंतरची आहे बरं का, जुन्या डब्ल्यूडीएम-२ मधला २ हा फक्त क्रमांक होता, ते इंजिन २,६०० हॉर्सपॉवरचं होतं, त्यामुळे आकडे बघून गोंधळ होऊ देऊ नका. आणि मधलं एम म्हणजे मिक्स्ड, माल आणि प्रवासी दोन्ही कामांसाठी.

आता डिझेल इंजिन चालतं कसं ते पटकन बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिझेल जळून जे फिरतं ते थेट चाकांना जोडलेलं नसतं, ट्रकसारखा गिअरबॉक्स त्यात नाही. मोठं डिझेल इंजिन एक जनरेटर किंवा अल्टरनेटर फिरवतं, त्यातून वीज निघते आणि ती वीज खाली एक्सलला बसवलेल्या मोटरना जाते, त्यांना ट्रॅक्शन मोटर म्हणतात. म्हणजे डिझेल लोको हे खरं तर स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन फिरणारं विजेचंच इंजिन आहे. लोको पायलटच्या हातातल्या थ्रॉटलला आठ नॉच असतात, पहिल्या नॉचपासून आठव्यापर्यंत जसजसं वाढवत न्याल तसं डिझेल इंजिन जास्त फेरे घेतं, जास्त वीज तयार होते, मोटर जास्त जोर लावतात. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

इतिहासाकडे येतो. भारतात मेनलाइनवर डिझेल मोठ्या संख्येने आलं ते १९५७-५८ च्या सुमारास, अमेरिकेतल्या अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-१ ही १०० इंजिनं, १,९५० हॉर्सपॉवरची. मग इथेच कारखाना काढायचं ठरलं आणि कुणाचं डिझाइन घ्यायचं हा प्रश्न आला. १९६२ च्या आसपास दोन अमेरिकन कंपन्यांची इंजिनं भारतीय रुळांवर समोरासमोर होती. एक अल्कोचं, जे पुढे डब्ल्यूडीएम-२ झालं, आणि दुसरं जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-४, ज्याची ७२ इंजिनं आली. दोन्ही २,६०० हॉर्सपॉवरची. डब्ल्यूडीएम-४ चांगलं होतं, वेगातही भारी होतं, १९६९ ला पहिली हावडा राजधानी सुरू झाली तेव्हा ती ओढायला हेच निवडलं गेलं. पण तंत्रज्ञान देऊन, कारखान्यात इंजिन बनवायला शिकवायला तयार झाली ती अल्को. वाराणसीला डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभं राहिलं, जानेवारी १९६४ मध्ये तिथून पहिलं डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडलं आणि त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं भारतात डिझेल म्हणजे अल्को हेच समीकरण झालं.

माझ्या मते हा निर्णय त्या काळासाठी शंभर टक्के बरोबर होता. कारण १९६९ ला अमेरिकेत अल्को कंपनीच बंद पडली! ज्यांच्याकडून शिकलो तेच राहिले नाहीत, तरी वाराणसीतून इंजिनं निघत राहिली, कारण बनवायचं कसं ते आपल्याकडे आलेलं होतं. नुसती विकत घेतली असती तर स्पेअरसाठी दारोदार फिरावं लागलं असतं.

पण अल्कोचं डिझाइन पन्नासच्या दशकातलं, आणि मालगाड्यांची गरज वाढतच गेली. ऐंशीच्या दशकात बॉक्सएन या उघड्या मालडब्यांचे रेक, म्हणजे एकाच प्रकारच्या वॅगनच्या सलग गाड्या आल्या, ५८ वॅगन, भरलेली एक वॅगन ८१ टनांच्या थोडी वर, म्हणजे सगळा रेक ४,७०० टनांचा. डब्ल्यूडीएम-२ चा निघतानाचा जोर साधारण ३० टन, त्यामुळे असा रेक ओढायला दोन-दोन, तीन-तीन इंजिनं जोडावी लागायची. मग १९९५ मध्ये अल्कोच्याच १६ सिलेंडरच्या इंजिनातून ३,१०० हॉर्सपॉवर काढून, वजन वाढवून आणि चांगली बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नाही, इंजिनाखालची चाकं आणि एक्सल बसवलेली चौकट) देऊन खास मालगाडीसाठी मॉडेल केलं, त्याला आधी डब्ल्यूडीजी-२ म्हणायचे, नंतर डब्ल्यूडीजी-३ए झालं. जुन्या डिझाइनमधून जेवढं पिळून काढता येईल तेवढं काढलं त्यांनी, आणि त्या इंजिनांनी भरपूर काम केलं, पण मोटर मात्र जुन्याच प्रकारच्या, डीसी. अडचण तिथेच होती.

त्याच १९९५ मध्ये रेल्वेने पुन्हा जनरल मोटर्सशी करार केला आणि यावेळी तंत्रज्ञानासकट. १९६२ ला जे जमलं नव्हतं ते तेहतीस वर्षांनी जमलं. घेतलं ते मॉडेल होतं जीटी४६मॅक, जनरल मोटर्सच्या इएमडी या इंजिन बनवणाऱ्या विभागाचं, आणि त्याच्या मागे अमेरिकेतली एक मोठी घडामोड होती. इएमडी आणि जर्मनीची सीमेन्स या दोघांनी मिळून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसी मोटरवर चालणारं मालगाडीचं डिझेल इंजिन तयार केलं, आधी चाचणीची काही, मग १९९३ पासून एसडी७०मॅक हे मॉडेल. बर्लिंग्टन नॉर्दर्न या रेल्वे कंपनीने ती शेकड्याने घेतली, वायोमिंगच्या पावडर रिव्हर भागातल्या कोळशाच्या गाड्या ओढायला. जिथे आधी पाच डीसी इंजिनं लागायची तिथे तीन एसीवाली पुरायला लागली. भारतालाही कोळसाच ओढायचा होता, त्यामुळे नजर तिकडे जाणं साहजिक होतं.

आता मुख्य मुद्दा, पकड. इथे जरा सावकाश वाचा.

समजा चिखलात मोटरसायकल अडकलीये आणि तुम्ही जोरात रेस दिली, तर मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि गाडी हलतच नाही. जोर कमी पडला असं नाही, जोर जमिनीत पोचलाच नाही. रेल्वेला ही अडचण कायमचीच आहे कारण चाक पोलादाचं, रूळ पोलादाचा, दोन्ही गुळगुळीत, आणि चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम नखाएवढी. गाडी सहज पळते ती याच गुळगुळीतपणामुळे आणि जोर लावताना घसरते तीही त्याच्यामुळेच. इंजिनाचं वजन जेवढं, त्याच्या ठरावीक टक्के एवढाच जोर रुळावर लावता येतो, त्याच्या वर गेलात की चाक घसरलं. डब्ल्यूडीएम-२ मध्ये हे प्रमाण वजनाच्या २७ टक्क्यांच्या आसपास होतं, डब्ल्यूडीजी-३ए मध्ये ३१, आणि डब्ल्यूडीजी-४ मध्ये थेट ४२. (वरचे टनांचे आकडे भागून बघा, हेच येईल.) रूळ बदलला नाही, चाक बदललं नाही, फक्त चाकावर ताबा ठेवायची पद्धत बदलली.

डीसी मोटरमध्ये काय व्हायचं की एक चाक घसरायला लागलं की त्या मोटरचा वेग भसकन वाढायचा, सुरुवातीला जोर म्हणावा तसा कमी व्हायचा नाही, त्यामुळे ते चाक आणखीनच पळत सुटायचं. मग यंत्रणेला कळणार की चाक घसरलं, ती वीज कमी करणार, रुळावर वाळू सोडणार, चाक पुन्हा पकड घेणार, मग परत वीज वाढवायची, आणि या सगळ्यात गाडीला झटके बसतात, ओढ मध्येच तुटते. म्हणून जोर आधीच हात राखून लावायचा, असं सगळं.

एसी मोटरचं वागणं मुळातच वेगळं आहे. तिला जी वीज देतो ती एका ठरावीक फ्रिक्वेन्सीची असते आणि मोटरचा वेग त्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. चाक घसरून मोटर त्या वेगाच्या जवळ जायला लागली की तिचा जोर आपोआप झपकन कमी होतो, आणि त्या वेगाच्या पुढे तर ती जोर लावतच नाही, उलट मागे खेचते. म्हणजे चाकाला पळून जायला वावच नाही, कुणी लक्ष ठेवायच्या आधीच मोटर स्वतःला आवरते. शिवाय डब्ल्यूडीजी-४ मध्ये सीमेन्सच्या रचनेत एका बोगीतल्या तिन्ही मोटरना एकच इन्व्हर्टर (हवी त्या फ्रिक्वेन्सीची वीज तयार करणारं यंत्र) वीज देतो, म्हणजे तिघींना एकच फ्रिक्वेन्सी, त्यामुळे एकटीने बाकीच्या दोघींना सोडून पळायचं म्हटलं तरी ते जमत नाही. याची किंमत शेडवाल्यांना मोजावी लागते, कारण एका बोगीतल्या चाकांचे व्यास अगदी जवळजवळ सारखे ठेवावे लागतात, नाहीतर लहान चाकाची मोटर आणि मोठ्या चाकाची मोटर यांच्यात भार सारखा वाटला जात नाही. म्हणून एका चाकाची झीज जास्त झाली की बाकीची चाकंही लेथवर घासून जुळवून घ्यावी लागतात.

आणि याच्या वर अजून एक गंमत आहे, जी मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते. आपल्याला वाटतं की चाक अजिबात घसरलं नाही तर पकड सगळ्यात चांगली. तसं नसतं! पोलादाच्या चाकाची पकड सगळ्यात जास्त असते ती चाक किंचितसं घसरत असताना, म्हणजे गाडीच्या वेगापेक्षा चाक अगदी थोडं जास्त फिरत असताना. त्याला क्रीप म्हणतात. पण हे किंचित म्हणजे किती, त्याच्या पुढे गेलं की संपलं. मग त्या अरुंद पट्ट्यात चाकाला धरून ठेवायचं तर गाडीचा खरा वेग कळायला हवा, आणि चाकावरून तो कळणार कसा, चाकच तर घसरतंय. म्हणून इंजिनाच्या पोटाखाली रडार बसवलेलं असतं, ते खाली जमिनीकडे बघून खरा वेग मोजतं, कॉम्प्युटर तो वेग आणि चाकाचा वेग यांची तुलना करत राहतो आणि फ्रिक्वेन्सी सतत सूक्ष्म वर-खाली करतो. पायलटने फक्त नॉच द्यायचा. सत्तरच्या दशकातल्या पायलटला हे सांगितलं असतं तर त्याला पटलं नसतं.

ही एसी वीज येते कुठून? इंजिनाच्या अल्टरनेटरमधून निघते ती एसीच, पण तिची फ्रिक्वेन्सी डिझेल इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून, आपल्याला हवी तशी नाही. म्हणून आधी तिची डीसी करायची आणि मग इन्व्हर्टरने त्या डीसीतून हवी त्या फ्रिक्वेन्सीची तीन फेजची एसी परत तयार करायची. ऐकायला उगाच फिरवाफिरवी वाटते, पण सगळी किल्ली त्या इन्व्हर्टरमध्ये आहे. एसी मोटर शंभर वर्षांपूर्वीही माहीत होती, तिच्या साधेपणामुळे सगळ्यांना ती हवीच होती, पण हजारो अँपिअरची वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच आणि त्यांना चालवणारे कॉम्प्युटर ऐंशीच्या दशकात आले तेव्हा कुठे ती डिझेल इंजिनात मोठ्या प्रमाणावर बसायला लागली. पहिल्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये जीटीओ प्रकारचे स्विच होते, नंतर आयजीबीटी आले, ते जास्त सोपे आणि जास्त भरवशाचे. पुढे हैदराबादच्या मेधासारख्या कंपन्यांनी ही इलेक्ट्रॉनिक्स इथेच बनवायला घेतली.

एसी मोटरचा अजून एक फायदा घाटात फार कामाला येतो. डीसी मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात, ते फिरत्या कम्युटेटरवर घासत राहतात, झिजतात, ठिणग्या उडतात, आणि कमी वेगात जास्त करंट बराच वेळ दिला तर मोटर जळते. त्यामुळे चढावर पूर्ण जोर लावून कासवाच्या गतीने किती मिनिटं चालायचं याला मर्यादा असायची, पायलटचं एक लक्ष सतत करंट दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरवर. एसी मोटरमध्ये ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, ती कितीतरी जास्त सहन करते आणि अगदी रांगत्या वेगातही जोर लावत राहते.

हे सगळं कसाला लागलं ते आपल्या शेजारीच. पहिली २१ डब्ल्यूडीजी-४ अमेरिकन कंपनीकडून आली, काही तयार आणि काही सुटे भाग जोडायला, १९९९ पासून, आणि त्यांना घर दिलं हुबळीच्या डिझेल शेडमध्ये. हुबळीच का, तर तिथून पुढे गोव्याकडे जाणारा ब्रागांझा घाट. कॅसलरॉक ते कुळे, दूधसागर धबधबा ज्या लाइनवर आहे ती. चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर गेलात की एक मीटर वर. कोकण रेल्वे बांधताना चढ १ ला १५० पेक्षा कडक ठेवलाच नाही, यावरून अंदाज करा. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो आणि तो वर कर्नाटकातल्या तोरणगल्लूच्या स्टील कारखान्याकडे जातो, म्हणजे भरलेला रेक नेमका चढावर. आधी बेल्लारी-होस्पेट भागातलं लोहखनिज खाली बंदराकडे यायचं, ते निदान उतारावर.

हिशोब करून बघू. ४,७०० टनांचा रेक १ ला ३७ च्या चढावर उभा असेल तर नुसतं गुरुत्वाकर्षण त्याला मागे खेचतं ते ४,७०० भागिले ३७, म्हणजे १२७ टनांच्या जोराने. त्यात इंजिनांचं स्वतःचं वजन वर न्यायचं, वळणांवर चाकं घासतात त्याचा विरोध, असं धरून १५० टनांच्या आसपास जातं. डब्ल्यूडीएम-२ असतील तर पाच लावूनही हातात काहीच शिल्लक नाही, आणि पाच-सहा जुनी इंजिनं एका सुरात चालवणं, सगळ्यांची चाकं ओल्या रुळावर न घसरणं, हे पावसाळ्यात किती कठीण असेल विचार करा, तो घाट म्हणजे जून ते सप्टेंबर नुसती धार. डब्ल्यूडीजी-४ कागदावर तीन पुरतात, पण कागदावरचा जोर कायम मिळत नाही, हाताशी राखून ठेवावा लागतो, म्हणून पुढे आणि मागे मिळून चार-पाच लावतात. मागची इंजिनं म्हणजे बँकर, ती ढकलतात. सगळी पुढेच का नाही लावत? कारण मग पहिल्या वॅगनच्या कपलरवर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या सांध्यावर, सगळ्या रेकची ओढ एकदम येणार आणि कपलर तुटायची भीती. अर्धी ओढ, अर्धी ढकल, असं वाटून घेतलं की कपलर सुरक्षित.

उतरताना उलट काळजी. घाटात नुसत्या ब्रेक ब्लॉकवर विसंबलं तर ते तापून निकामी होऊ शकतात. तिथे डायनॅमिक ब्रेक, म्हणजे मोटरचाच जनरेटर करायचा, चाकं मोटरला फिरवतात, त्यातून निघालेली वीज इंजिनाच्या वरच्या भागातल्या रेझिस्टन्स ग्रिडमध्ये उष्णता करून उडवून द्यायची, आणि त्यातून गाडीला रोध मिळतो. डीसी इंजिनांमध्येही हे होतं पण वेग कमी झाला की त्याचा जोर संपायचा, एसीमध्ये अगदी थांबायच्या जवळपर्यंत तो काम करतो.

आता त्याच्या डिझेल इंजिनाबद्दल, कारण रेल्वेवेड्या लोकांचा जीव तिथे जास्त असतो. अल्कोचं फोर स्ट्रोक, हे टू स्ट्रोक. इएमडीचं ७१० नावाचं इंजिन, ७१० म्हणजे एका सिलेंडरचं आकारमान घन इंचात, आपल्या हिशोबाने साडेअकरा लिटरच्या वर, आणि असे १६ सिलेंडर व्ही आकारात. टू स्ट्रोक म्हटलं की आपल्याला धूर सोडणारी जुनी स्कूटर आठवते पण याचा तिच्याशी काही संबंध नाही, यात ताजी हवा सिलेंडरच्या बाजूच्या भोकांतून दाबाने आत येते आणि जळालेला वायू वरच्या व्हॉल्व्हमधून निघून जातो, तेल डिझेलमध्ये मिसळायची भानगड नाही. फेरा पूर्ण झाला की प्रत्येक वेळी प्रत्येक सिलेंडर एकदा काम करतो, फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा.

अल्को नॉच वाढवताना काळा धूर का सोडायचं याचं उत्तरही इथेच आहे. अल्कोचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, फक्त धुराच्या जोरावर फिरतो. पायलटने नॉच दिला, डिझेल लगेच वाढलं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, तोपर्यंत हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून काळा लोट. इएमडीमध्ये कमी वेगात टर्बोला इंजिनच गिअरने फिरवतं, आणि धुराचा जोर पुरेसा झाला की एक क्लच त्याला गिअरपासून मोकळं करतो. हवा पहिल्यापासून भरपूर, म्हणून तसा लोट दिसत नाही. अल्कोच्या धुरावर प्रेम करणारे भरपूर आहेत, मलाही ते दृश्य आवडतं, पण तो धूर म्हणजे न जळालेलं डिझेल, हेही खरं.

शेडमधल्या लोकांना मात्र कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. या इंजिनात पिस्टन, लायनर, सिलेंडर हेड, कनेक्टिंग रॉड हे सगळं मिळून एक संच असतो, पॉवर असेंब्ली. एक सिलेंडर बिघडला तर तो संचच उचलून बाहेर काढायचा, दुसरा तयार संच बसवायचा, इंजिन कामाला लागतं आणि जुना संच निवांत दुरुस्त करत बसता येतं. मालगाडीचं इंजिन शेडमध्ये उभं असेल तर ते काहीच कमावत नाही, हे शेडच्या माणसाइतकं कुणाला कळत नाही.

२००२ पासून डब्ल्यूडीजी-४ वाराणसीतच बनायला लागलं. आणि इथे एक शिकण्यासारखा प्रकार घडला. याच इंजिनाचं प्रवासी गाड्यांसाठीचं भावंड काढलं, डब्ल्यूडीपी-४, तेच ७१० इंजिन, तीच ४,००० हॉर्सपॉवर, पण एक्सल सहा असले तरी मोटर चारच, दोन एक्सल नुसते वजन पेलायला. हेतू चांगला होता, वजन कमी आणि वेग १६० पर्यंत. पण निघतानाचा जोर झाला जेमतेम २७-२८ टन, डब्ल्यूडीजी-४ च्या अर्धा! कारण सोपं आहे, ज्या एक्सलला मोटर नाही त्याच्यावरचं वजन पकडीच्या कामाचं नाही. २४ डब्यांची गाडी घेऊन पावसात निघताना चाकं घसरण्याच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या डब्ल्यूडीपी-४बी मध्ये सहाही एक्सलला मोटर दिल्या. वर म्हटलं ना, हॉर्सपॉवर आणि पकड वेगळ्या गोष्टी, त्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

दुसरी खरी अडचण होती ती दिसण्याची. डब्ल्यूडीजी-४ ला केबिन एकाच टोकाला. इंजिन उलटं चालवायची वेळ आली की पायलटच्या पुढे लांबलचक हूड, म्हणजे डिझेल इंजिन झाकणारा भाग, आणि सिग्नल बघायचा त्या हूडच्या बाजूने वाकून. धुक्यात, रात्री, घाटातल्या वळणावर हे किती त्रासाचं आणि धोक्याचं असेल ते सांगायला नको. इतकी वर्षं हे चालू ठेवायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी २०१० नंतर दोन्ही टोकांना केबिन असलेली डब्ल्यूडीजी-४डी आली, हॉर्सपॉवरही ४,५०० झाली. २०१२ मध्ये २० सिलेंडरचं, ५,५०० हॉर्सपॉवरचं डब्ल्यूडीजी-५ सुद्धा केलं, त्याला भीम असं नाव दिलं, पण ती मोजकीच बनली.

तोपर्यंत तिकडे कंपनीच हातोहात फिरत होती. जनरल मोटर्सने २००५ मध्ये इएमडी विकून टाकली आणि २०१० मध्ये ती कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेलकडे गेली. इकडे रेल्वेने २०१५ मध्ये १,००० डिझेल इंजिनांचा करार केला तो इएमडीच्या कट्टर स्पर्धक जनरल इलेक्ट्रिकशी. बिहारमध्ये मढौराला कारखाना झाला, तिथून डब्ल्यूडीजी-४जी निघायला लागली, १२ सिलेंडरची, फोर स्ट्रोक, ४,५०० हॉर्सपॉवर. जीई चा तो धंदा २०१९ मध्ये वॅबटेकमध्ये विलीन झाला. मढौराची इंजिनं आता आफ्रिकेत गिनीला निर्यातही होतात, तिथल्या लोहखनिजासाठी.

आणि मग विद्युतीकरण. २०१७-१८ नंतर रेल्वेने सगळ्या ब्रॉडगेजवर तारा टाकायचं मनावर घेतलं, कोकण रेल्वे २०२२ मध्ये पूर्ण झाली, आता देशभरात थोडाच भाग राहिलाय. डिझेलचा खर्च बघता निर्णय समजण्यासारखा आहे, पण डब्ल्यूडीजी-४ ची कितीतरी इंजिनं ऐन उमेदीत असताना कामाविना उभी राहिली याचं मला वाईट वाटतं, पस्तीस-चाळीस वर्षं चालायला बनवलेली यंत्रं ती. वाराणसीचा कारखाना विजेची इंजिनं बनवायला लागला, २०२० मध्ये नावातलं डिझेलही गेलं, आता ते बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. डब्ल्यूडीजी-३ए च्या एका जोडीचं तर १०,००० हॉर्सपॉवरचं विजेवरचं इंजिन करून दाखवलं तिथे.

तरी ती संपलेली नाहीत. जिथे तारा नाहीत, जिथे तारा तुटल्या, पूर आला, ट्रॅकचं काम चालू आहे, यार्डात शंटिंग आहे, तिथे अजून डिझेलच लागतं. स्टेशनवर दिसलंच तर ओळखायचं कसं ते सांगतो. मालगाडीच्या डिझेलचा नंबर १३ किंवा १४ हजारातला असेल तर ते अल्कोवालं डब्ल्यूडीजी-३ए. १२ हजारातला किंवा ७० हजारातला असेल तर डब्ल्यूडीजी-४ घराण्यातलं, आणि ४९ हजारातला असेल तर मढौराचं. आवाजावरूनही कळतं, अल्को उभ्याउभ्या थांबत-थांबत धडधडतं, आणि इएमडीचा आवाज सलग घुमतो, त्यात टर्बोची बारीक शिट्टी मिसळलेली असते. आणि भरलेला रेक घेऊन निघत असेल तर चाकाकडे बघा, कमाल जोर लागलेला असतानाही ते गरगरणार नाही.